"शॉकअप गेलाय गुरुजी, बदलून टाका!"

हे वाक्य मी गेल्या वर्षभरात चार जणांच्या तोंडून ऐकलं. चौघांपैकी एकानंही सायकलला हात लावला नव्हता. एक जण तर मोटरसायकलवरून खालीसुद्धा उतरला नाही. पाय टेकवून, मान तिरकी करून, नुसतं बघून निदान! मला राग आला तो इथेच, आणि आजचं हे लिहिणं त्या रागातूनच आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

प्रकरण असं. आमच्या शेजारच्या नाखव्याची मुलगी गेल्या वर्षी अकरावीला बोर्लीपंचतनला जाऊ लागली. सकाळची एस.टी. ठीक आहे, पण परतीची वेळ जमत नाही. तास संपल्यावर फाट्यावर ताटकळत उभं राहायचं आणि दिघीत पोचेपर्यंत अंधार. २०२१-२२ च्या एस.टी. संपात आमच्याकडच्या मुलांचे काय हाल झाले ते आम्ही पाहिलेले आहेत, त्यामुळे नाखव्यानं ठरवलं, पोरीला सायकल घ्यायची. मुंबईला एका ओळखीच्यांच्या इमारतीत खाली पार्किंगमध्ये एक 'माऊंटन बाईक' पडून होती. जाड टायर, गिअर, पुढे शॉकअप, मागे शॉकअप. अडीच हजारात सौदा झाला. टेम्पोतून आगरदांडा आणि तिथून जेट्टीच्या बोटीनं खाडी ओलांडून सायकल दिघीत उतरली, तेव्हा निम्मी आळी बघायला जमली होती. मागची ती लाल स्प्रिंग बघून पोरं तर वेडीच झाली.

तीन महिन्यांत मागचं चाक लचकायला लागलं. उतारावर ब्रेक मारला की मागचा भाग एकीकडे आणि पोरगी दुसरीकडे. एक दिवस पडली. कोपर सोललं, ड्रेस फाटला. नाखवा म्हणाला, "उद्यापासून एस.टी.नं जा." आणि तिची आई म्हणाली, "रोज अंधारात यायचं तर कॉलेज तरी कशाला हवं?" वाचकहो, मी छत्तीस वर्षं शिक्षकी केली आहे. मुलींचं शिक्षण कुठल्या मोठ्या कारणानं सुटत नाही. ते असल्याच एखाद्या वाक्यावर सुटतं. म्हणून म्हटलं, सायकल माझ्या पडवीत आणून ठेवा.

मी काही मेकॅनिक नव्हे. बी.ए. मराठी घेऊन झालेला माणूस. पण खेड्यातल्या शाळेत विज्ञानाची जागा रिकामी असली की मराठीच्या मास्तरनंच तरफ आणि स्प्रिंग शिकवायची असते, तशी मीही काही वर्षं शिकवली. त्याचा उपयोग सत्तरी उलटल्यावर झाला!

पहिली चूक मात्र मीच केली. स्प्रिंगच्या डोक्यावर एक आट्यांची रिंग असते. ती फिरवली की स्प्रिंग आवळते. चाक हलतंय ना, मग आवळा, असा सरळ विचार करून मी ती चांगली पाच-सहा फेरे आवळली. दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "गुरुजी, लचकतंय तेवढंच, वर आपटायला पण लागलं." बरोबरच होतं तिचं. ती रिंग फिरवून स्प्रिंग कडक होतच नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीत आणि वेढ्यांत असतो. रिंगनं फक्त ती आधीच दाबून ठेवली जाते, त्यामुळे लहान खड्ड्याला ती दबतच नाही. हूकचा नियम वर्गात फळ्यावर लिहिणारा मी, आणि पडवीत विसरलो. असो.

रिंग परत सैल करून मग हिशेबाला बसलो. स्प्रिंगवर ७५० असा आकडा होता. म्हणजे एक इंच दाबायला ७५० पौंड, सुमारे ३४० किलो. ऐकून कोणीही घाबरेल की पंचेचाळीस किलोच्या पोरीला ही स्प्रिंग कशी दबणार! पण मागचा भाग ही तरफ आहे. या सायकलीत चाक तीन इंच वर उचललं की स्प्रिंग साधारण एक इंच दबते, म्हणजे चाकावरचा भार स्प्रिंगवर तिपटीनं येतो. बसल्यावर अंगातला निम्म्याहून थोडा जास्त भार मागच्या चाकावर असतो, तो सत्तावीस किलो धरला तर तिप्पट झाले एक्क्याऐंशी. एक्क्याऐंशी भागिले ३४० म्हणजे पाव इंचाच्या जरासं आत, सहा मिलिमीटर. मग शॉकअपच्या दोन बोल्टांमधलं अंतर पट्टीनं मोजलं, मुलीला बसवलं, नाखव्याला हँडल धरायला लावलं आणि पुन्हा मोजलं. सात मिलिमीटर कमी भरलं. सायकलचं स्वतःचं थोडं वजन धरलं तर हिशेब अगदी चोख जमला.

म्हणजे ज्या स्प्रिंगला चार जणांनी फाशी सुनावली होती, ती निर्दोष होती!

मग दोष कुठे? जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते आता केलं. सीट धरून मागची बाजू अलगद, चाक जमिनीवरून सुटणार नाही इतकीच उचलली. 'खट्'. सोडली, पुन्हा 'खट्'. कुठेतरी सांधा ढिला आहे एवढं कळलं. मग चाक दोन्ही बाजूंना हलवून पाहिलं. अशा वेळी बघायचं ते असं की चाक एकटंच हलतं की सोबत चिमट्याचा मागचा सांगाडाही हलतो. चाक एकटं हललं तर हबचे कोन नाहीतर छर्रे गेलेले असतात. इथे सांगाडा सगळाच हलत होता. मग शॉकअपचे दोन बोल्ट काढून तो बाजूला ठेवला. (एवढंच काम आहे, दोन पाने आणि पाच मिनिटं!) आता सांगाडा नुसता एका बिजागरीवर लोंबत होता. दरवाजा बिजागरीवर वरखाली नाचावा तसा तो डावी-उजवीकडे नाचत होता.

पेडलच्या धुऱ्याजवळचा तो बिजागरीचा बोल्ट बाहेर काढल्यावर आत काय निघालं? नायलॉनचा एक बुश, जो कधीकाळी गोल होता आणि आता लंबगोल झाला होता. वर काळी पूड, गंज आणि खारं पाणी यांचा चिखल. बोल्टला नखाला जाणवेल इतकी खाच. चार वर्षं मुंबईच्या पार्किंगमध्ये आणि नंतर आमच्या खाडीच्या वाऱ्यावर ग्रीसचा एक थेंब न मिळता तो बिचारा झिजत होता, आणि बदनाम झाला होता शॉकअप. का? तर तो लाल आहे, वर आहे, दिसतो. बुश दिसत नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी दोन वर्षं 'लक्ष देत नाही' असा शेरा लिहिला. तिसऱ्या वर्षी कळलं की त्याचा डावा कान लहानपणी फुटला होता आणि मी त्याला नेमका उजव्या भिंतीला टेकून बसवत होतो. चार जणांवर मी रागावलो हे खरं, पण न बघता निदान करण्याची कला त्यांना कुणी शिकवली असेल, हा प्रश्न मला पडलेला आहे.

बुश कुठे मिळणार? "हा पार्ट सुटा येत नाही, अख्खा सेटच घ्या," असं उत्तर आलं. नवा शॉकअप मात्र लगेच मिळत होता, चौदाशे रुपये! पंचाहत्तर रुपयांचा तुकडा नाही आणि चौदाशेची वस्तू हजर, ही आजच्या बाजाराची तऱ्हा आहे. शेवटी आमच्याकडचे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे चाचा, त्यांच्या लेथवर गेलो. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "चाचा, गनमेटलचा बुश काढा, जन्मभर टिकेल." ते हसले. म्हणाले, "गुरुजी, होडीच्या पंख्याजवळ आम्ही जस्ताचा तुकडा कशाला लावतो? खाऱ्या पाण्यात दोन वेगळ्या धातू लागून राहिल्या की त्यातली एक सडते. तुमची फ्रेम लोखंडी. बुश टिकेल, फ्रेम जाईल." आम्ही नायलॉनचा काढला. मे महिन्यात मस्त चालला. जूनमध्ये पाऊस लागला आणि सांधा असा धरला की सांगाडा हलेना! नायलॉन पाणी पितो आणि फुगतो, आणि आम्ही तो अगदी घट्ट मापाचा काढलेला. पुन्हा चाचांकडे. या खेपेस डेलरिनचा रॉड आणून त्याचा काढला. तो पाण्यानं फारसा फुगत नाही. बोल्ट नवा, ग्रीस भरपूर. दोन्ही खेपांचा मिळून खर्च दोनशेच्या आत.

आता माझा खरा वाद. ही मागची स्प्रिंग या सायकलीला लावली कुणी आणि कशासाठी?

ज्या माऊंटन बाईकच्या नावानं ही विकली जाते, ती १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, टॅमलपाईस डोंगराच्या उतारांवर काही हौशी पोरांनी घडवली. १९७६ पासून ते तिथे शर्यती लावत. १९८१ मध्ये 'स्टंपजम्पर' नावानं तशी सायकल कारखान्यातून विकायला आली. यातल्या एकालाही शॉकअप नव्हता, ना पुढे ना मागे! होता तो जाड टायर. आणि टायर हाच सायकलचा पहिला शॉकअप, हे १८८८ पासून, म्हणजे डनलॉपनं हवेच्या टायरचं पेटंट घेतलं तेव्हापासून जगाला ठाऊक आहे. हवा थोडी कमी ठेवा, निम्मे धक्के तिथेच विरतात.

खऱ्या डोंगरउतारावर वेगानं उतरणाऱ्याला मागचा शॉकअप लागतो, मला मान्य आहे. त्यात तेल असतं, स्प्रिंग दबली की परत येताना ते तिला आवरून धरतं. त्या सायकलींची किंमत आमच्या नाखव्याच्या जुन्या इंजिनाएवढी असते. स्वस्त सायकलीत ते तेल बहुधा नसतंच. नुसती स्प्रिंग, म्हणजे दबली की उसळणार. चढावर पोरगी उभं राहून पाय मारते तेव्हा तिची ताकद चाकात जायच्या ऐवजी स्प्रिंग दाबण्यात जाते. वर किलोच्या किलो जादा लोखंड, आणि झिजायला एक सांधा जास्त. हे सगळं कशासाठी, तर दुकानात रुबाबदार दिसावी म्हणून.

आमच्या जेट्टीवर हिवाळ्यात सायकलस्वार येतात, मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्याला निघालेले. मुरूड, आगरदांडा, दिघी, दिवेआगर, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याची फेरी. मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या. मी चहा पिता पिता त्यांच्या सायकली बघत बसतो. मागे शॉकअप असलेली सायकल घेऊन आलेला एकही अजून मला दिसलेला नाही. ज्यांना खरंच शेकडो किलोमीटर जायचं आहे ते ती घेत नाहीत, आणि आम्ही ती कॉलेजला जाणाऱ्या पोरीला घेतो.

कुणी म्हणेल, गुरुजी, रस्ते किती वाईट आहेत, शॉकअप नको का? अहो, रस्ता वाईट आहे तर रस्ता दुरुस्त करा ना! खड्ड्यातून जांभा वर आलेला, कडेची साईडपट्टी वाहून गेलेली, ते ज्यांच्याकडे काम आहे त्यांनी बघायचं नाही, आणि पोरींच्या बापांनी चाकाला स्प्रिंगा लावत बसायचं? खड्डा स्वस्त आणि स्प्रिंग महाग, हा कुठला न्याय?

माझी स्वतःची ॲटलस १९७४ ची. तिला मागे काय, पुढेही स्प्रिंग नव्हती, सीटखाली दोन होत्या तेवढ्याच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात सुपारीचं झाड पडवीवर आडवं झालं आणि ती खाली दबली. नंतर पेपरात वाचलं की त्याच दिवशी ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला, आणि तो दिवस जागतिक सायकल दिन होता. योगायोगाला काय म्हणावं! पण सेहेचाळीस वर्षांत त्या सायकलीचं काहीही बिघडलं तरी मला आमच्याच गावात दुरुस्त करून मिळालं, हे मात्र सांगायलाच हवं.

तेव्हा जुनी सायकल घ्यायला जाल तर पैसे देण्याआधी सीट धरून एकदा उचला आणि तो 'खट्' ऐका. चाक डावी-उजवीकडे हलवा. शॉकअपच्या दांड्यावर तेल ओघळलंय का बघा. पायडल मारताना करकर येत असेल तर उभं राहून मारून बघा, आवाज थांबला तर दोष सीटच्या दांड्यात आहे, उगाच शॉकअपला नावं ठेवू नका. आणि निवड तुमच्या हातात असेल तर मागे स्प्रिंग नसलेलीच घ्या.

मुलगी आता बारावीत आहे, सायकलनंच जाते. बिजागरीच्या नटावर आणि फ्रेमवर तिनं नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढून ठेवली आहे, नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. ही युक्ती तिचीच, माझी नव्हे. काल जाता जाता मला ओरडून सांगून गेली, "गुरुजी, रेघ जराशी सरकलीय!" आज संध्याकाळी पाना घेऊन बसायचं आहे.