गाडी कबाड्याकडे, नाव मात्र आरटीओत

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्याखाली गेली, सीताबर्डीचे मोरभवन बसस्थानकही बुडाले. अंधारात लोकांनी म्हाताऱ्यांना आणि लेकरांना वरच्या मजल्यावर नेले. खाली उभ्या असलेल्या गाड्यांचा विचार करायला कोणाला सवड नव्हती, आणि असायलाही नको होती.

पाणी उतरल्यावर मग त्या गाड्यांकडे लक्ष गेले. पुराच्या पाण्यात बुडालेली मोटार बाहेरून बरीच धड दिसते. काचा शाबूत, रंग शाबूत. दार उघडले की सीटवर गाळाचा थर, डॅशबोर्डच्या आत पाणी आणि वायरिंगचा सत्यानाश. सर्व्हेअर येतो, फोटो काढतो, दुरुस्तीचा खर्च मांडतो. तो खर्च गाडीच्या विमित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांच्या वर गेला की विम्याच्या भाषेत गाडी 'टोटल लॉस' ठरते. कोणीतरी येऊन ती टोचन करून घेऊन जातो, काही दिवसांनी खात्यात पैसे जमा होतात आणि घरातल्यांच्या लेखी विषय संपतो.

सरकारी नोंदीत मात्र तो संपलेला नसतो. गिरीपेठच्या आरटीओत एमएच 31 चा तो नंबर त्याच घरमालकाच्या नावावर चालू असतो. एमएच 49 असो की ग्रामीणचा एमएच 40, गोष्ट तीच. गाडी डोळ्यांदेखत मेली, पण तिचा मृत्यू नोंदवायचा राहून गेला.

मोटार वाहन कायदा, 1988 यात यासाठी स्वतंत्र कलम आहे. कलम 55 सांगते की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने 14 दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, ते नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे आणि आरसी जमा करावी. गाडी यवतमाळची एमएच 29 असली आणि मालक आता नागपुरात राहत असला तरी तो नागपुरात कळवू शकतो. इथले कार्यालय ते कागद मूळ कार्यालयाकडे पाठवते. तरतूद इतकी सरळ आहे. तरीही गाडी विकताना 'नावावर करून घे रे बाबा' असे दहादा बजावणारी माणसे गाडी मोडीत देताना हा शब्द काढत नाहीत. लोखंडाच्या ढिगाला कागद कशाला हवा, असे त्यांना वाटते. गाडी घेऊन जाणारा माणूस तसे मानत नाही. त्याला आरसी हवी असते आणि आरसी असेल तर तो दोन पैसे जास्तही देतो.

ते दोन पैसे कशाचे, हे प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारायला हवे. आरसी असली काय, नसली काय, पत्र्याचे वजन तेवढेच भरते. इंजिन, गिअरबॉक्स, चाके, दारे यांची किंमतही कागदाने वाढत नाही. जो कागदाचे वेगळे पैसे देतो, तो लोखंडाखेरीज आणखी काही विकत घेतो. ते असते एका जिवंत गाडीची ओळख.

या ओळखीचे पुढे काय होते, हे जून 2020 मध्ये लखनौ पोलिसांनी पकडलेल्या टोळीने दाखवून दिले. विमा कंपन्यांनी टोटल लॉस ठरवलेल्या गाड्या कागदांसह उचलायच्या, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची दुसरी गाडी चोरायची, तिच्यावरचा चेसिस नंबर घासून काढायचा आणि मोडक्या गाडीचा नंबर तिथे ठोकायचा. कागद खरे, नंबर खरा, गाडी चोरीची. डिसेंबर 2021 मध्ये मेरठमधला सोतीगंज बाजार पोलिसांनी बंद पाडला, तोही चोरीच्या गाड्या सुटे भाग करून विकण्यासाठी देशभर कुप्रसिद्ध होता. नागपूर तर देशाच्या मधोमध आहे. इथून रायपूर, जबलपूर, हैदराबाद, कुठेही एका रात्रीत गाडी पोहोचते. इथला एखादा 'मेलेला' नंबर उद्या दुसऱ्या राज्यात धावू लागला तर इथल्या मालकाला त्याचा पत्ता पहिल्या ई-चलानाने लागेल. आणि ते पहिले पत्र चलानाचेच असेल, याचीही हमी नाही.

फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल या बाबतीत प्रत्येक गाडीमालकाला माहीत असायला हवा. उत्तरेतल्या एका माणसाने जुलै 2007 मध्ये आपली गाडी विकली. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे. मे 2009 मध्ये अपघात झाला तेव्हा गाडी अनेक हात फिरून गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याचेच होते. एका मुलाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची, हा वाद थेट दिल्लीपर्यंत गेला. उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदाराला जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायद्याच्या कलम 2(30) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक, आणि ज्याच्या घरातले माणूस गेले त्याने नोंद न झालेल्या विक्रीची साखळी शोधत दारोदार फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पीडिताच्या बाजूने पाहिले तर हा निकाल रास्त आहे. पण त्याचा दुसरा अर्थही समजून घ्यायला हवा: सही करून दिलेला कोरा फॉर्म ही सुटका नाही.

आणि कोरे फॉर्म तर सर्रास दिले जातात. फॉर्म 29 आणि 30, सहीच्या जागी पेनाने मारलेल्या फुल्या, खरेदीदाराच्या नावाची जागा रिकामी, तारखेची जागा रिकामी. 'इथे, इथे आणि इथे' असे सांगत दलाल सह्या घेतो आणि मालक हुश्श म्हणतो. वास्तविक कलम 50 प्रमाणे विकणाऱ्यानेही राज्यातल्या राज्यात 14 दिवसांच्या आत हस्तांतर कळवायचे असते. घेणाऱ्याला 30 दिवस असतात. आपली जबाबदारी दुसऱ्याच्या हातात सोपवून ती पार पडली असे मानणे धोक्याचे आहे. 2023 च्या 1 एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी नवे नियम लागू झाले. अशा विक्रेत्याने गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर केली की तोच मालक मानला जातो. चांगला नियम आहे. पण रिंग रोडच्या कडेला टोचन घेऊन उभा असलेला कबाडी अधिकृत विक्रेता नसतो.

पोलिसांचे काम तर नंबरापासूनच सुरू होते. 12 मार्च 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासाला पहिला धागा मिळाला तो वरळीत सोडून दिलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीतून. त्याच धाग्याने पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोहोचले. तिथे धागा खरा निघाला. 10 नोव्हेंबर 2025 ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या मोटारीत स्फोट झाला ती हरियाणात नोंदलेली होती आणि अनेकांच्या हातून गेलेली होती. तपास सुरू झाला तो ज्याने ती कधीच विकून टाकली होती अशा जुन्या मालकाच्या चौकशीपासून. निर्दोष माणूस अखेर सुटतो हे खरे, पण दारात पोलिसांची गाडी उभी राहिली की त्या घरावर जे गुदरते, त्याची भरपाई कोणी करत नाही.

मग गाडी रीतसर संपवायची कशी? इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे चेसिस नंबर. अक्षरे आणि अंक मिळून 17 चिन्हांचा हा नंबर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप काढतात. गाडी मोडताना मात्र तो पत्र्याचा तुकडाच कटरने कापून काढायचा असतो. आरसीसोबत हा तुकडा गेला की त्या नंबरने दुसरी गाडी उभी करणे अवघड होते. जो मालक हा तुकडा आपल्यासमोर कापून घेतो, त्याने अर्धी लढाई जिंकली. उरलेल्या अर्ध्यात थकीत कर, बाकी चलाने, गाडी कुठल्या गुन्ह्यात नाही याची खातरजमा, आणि कर्ज असेल तर बँकेची एनओसी व फॉर्म 35 येतो.

हा कर्जाचा बोजा उतरवणे हेच अनेकांचे खरे दुखणे. टोटल लॉसचा पैसा आधी बँकेकडे जातो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी आयडीव्ही 30-40 टक्क्यांनी घसरलेली असते, कर्ज त्या वेगाने उतरलेले नसते. बाकी राहिली तर एनओसी नाही, एनओसी नाही तर नोंदणी रद्द नाही. मधल्या काळात गाडी कुणीतरी घेऊन गेलेली असते. पगारदार माणूस नसलेल्या गाडीचे हप्ते फेडत बसतो आणि वर त्या गाडीने काही केले तर तोच जबाबदार. ही अवस्था अन्यायाची आहे आणि ती केवळ मालकाच्या आळसाने आलेली नाही.

ज्या घरातला कर्ता माणूस गेला तिथे तर गाडी वर्षानुवर्षे त्याच्याच नावावर राहते. नियमाप्रमाणे वारसाने 30 दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरायचा असतो. तेराव्याच्या गडबडीत ते कोणाला सुचणार? 2021 पासून आरसीवर नॉमिनीचे नाव टाकता येते. ते टाकून ठेवावे, पुढच्यांची एक वणवण तरी वाचते.

जुन्या आणि निकामी गाड्यांसाठी एक चांगला रस्ता आता उपलब्ध आहे, आणि तो नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याच मंत्रालयाने आखला. ऑगस्ट 2021 मध्ये वाहन मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले, सप्टेंबरमध्ये नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आले. आग, दंगल, नैसर्गिक आपत्ती किंवा अपघातात खराब झालेली आणि मालकाने स्वतः भंगार म्हणून घोषित केलेली गाडीही त्यात बसते. केंद्र गाडी घेताना 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' देते. हा कागद सोन्यासारखा जपावा, कारण गाडीची मालकी मालकाकडून केंद्राकडे गेली याचा तो पुरावा असतो. गाडी मोडल्यावर दुसरा दाखला निघतो आणि कापलेला चेसिस नंबर केंद्राला सहा महिने सांभाळावा लागतो. डिपॉझिटच्या दाखल्यावर नव्या खासगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्र सरकारने केली आहे. कबाड्याचा रोख भाव कदाचित जास्त असेल. तरीही स्क्रॅपिंग केंद्राकडेच जावे.

पण सगळा भार एकट्या मालकावर टाकून चालणार नाही. टोटल लॉसचा निर्णय घेते विमा कंपनी, मोडकी गाडी बहुधा तिच्याच ओळखीचा खरेदीदार उचलतो, मग नोंदणी रद्द करण्याचा अर्ज तिनेच का भरू नये? दावा मंजूर करतानाच आरसी घ्यावी, कलम 55 चा अर्ज आरटीओत जावा आणि मगच सांगाडा विक्रीला काढावा. त्याने सांगाड्याचा भाव पडेल आणि मालकाच्या हातात थोडे कमी येतील, अशी तक्रार होईल. होऊ द्या. जो भाव पडेल तो कागदाचा, आणि कागद विकण्याची वस्तू नव्हे. काही बुडालेल्या गाड्या प्रामाणिकपणे दुरुस्त होऊन रस्त्यावर येतात हेही खरे. त्यांच्या आरसीवर तशी ठळक नोंद हवी. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावर 'सॅल्व्हेज' असा शिक्का बसतो. ब्रिटनमध्ये निकामी गाड्यांचे वर्ग ठरलेले आहेत आणि ए व बी वर्गातली गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. आपल्याकडे 'वाहन' पोर्टलवर जवळजवळ सगळा देश जोडलेला आहे. एक रकाना वाढवणे अशक्य नाही.

पूर, दंगल, मोठी आग अशा आपत्तीनंतर आरटीओने वस्तीत शिबिर लावले पाहिजे, ही मागणी नागपूरने तरी लावून धरायला हवी. घराघरांत पंचनामे होतच असतात. त्याच पथकासोबत मोटार वाहन निरीक्षक आला, गाडी पाहिली, नंबर टिपला, आरसी घेतली आणि पोच दिली, तर शेकडो माणसांचे हेलपाटे वाचतील. चिखल उपसणाऱ्या माणसाला 14 दिवसांत गिरीपेठ गाठायला सांगणारी व्यवस्था त्याच्या दारापर्यंत यायला काय हरकत आहे?

2023 च्या पुरात ज्यांनी गाडी अशीच देऊन टाकली, त्यांनी आजच मोबाइलवर 'एम-परिवहन' उघडून आपला जुना नंबर तपासावा. नोंदणी अजून चालू दिसली तर विमा कंपनीचे दावा मिटल्याचे पत्र, सर्व्हेअरचा अहवाल, पुरातले फोटो, गाडी उचलणाऱ्याची पावती, जे हाती असेल ते घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. फास्टॅग बंद करावा. गाडी कोणाकडे गेली हेच माहीत नसेल तर पोलीस ठाण्यातही लेखी कळवून ठेवावे. 14 दिवस केव्हाच उलटून गेले, आता काय उपयोग, असे म्हणून थांबू नये. 'शक्य तितक्या लवकर' हे शब्द त्याच कलमात लिहिलेले आहेत आणि उशिरा आलेला अर्जही कार्यालयाला घ्यावाच लागेल.