घरातील कारागिरी : एका खांबाच्या चार वाट्या

इंदूरच्या एका भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. खानदेशातील त्यांचे वडिलोपार्जित घर नुकतेच पाडण्यात आले. चौघे बहीणभाऊ चार राज्यांत पांगलेले. भांडीकुंडी वाटली गेली. उरला तो माजघरातील अंजनाचा, दहा इंच औरसचौरस खांब. त्याचा एक मोठा वाडगा करवून थोरल्या बंधूंना षष्ट्यब्दीनिमित्त द्यावा, असा त्यांचा मानस आहे. पण कातार्‍याने लाकूड ठोकून पाहिले आणि "यावर माझी हत्यारे बोथट होतील," असे सांगून परत पाठविले. "काही उपाय आहे काय?" असे त्या विचारतात.

कातार्‍याचे म्हणणे खोटे नव्हे. कर्नाटकातील चन्नपट्टण किंवा आंध्रातील एटिकोप्पाका येथील लाखकामाची खेळणी ज्या काळ्या कुड्याची होतात, ते लाकूड मऊ व एकजीव असते. अंजन त्याच्या अगदी उलट. सागाच्या एका घनमीटरचे वजन सुमारे ६५० किलो भरते, तर अंजनाचे हजाराच्याही वर जाते. त्याच्या गाभ्याचा तुकडा बहुधा पाण्यात बुडतो. त्याचे तंतूही एकमेकांत गुंतलेले असतात. (सह्याद्रीत निळ्या फुलांनी बहरणारी अंजनी ती वेगळी.)

तथापि खरा शत्रू कठीणपणा नसून तडा हा आहे. लाकूड सुकताना वलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते. त्यामुळे ज्या तुकड्यात झाडाचा मधला भेंड राहतो, तो आज ना उद्या उकलतो. आपल्या खांबावरील उभ्या भेगा त्याचीच साक्ष देतील. म्हणून मोठ्या वाडग्याचा विचार सोडावा. खांबाचा निर्दोष भाग पाहून पाच इंच लांबीचा ठोकळा कापावा, त्याचे उभे चार भाग करावेत आणि प्रत्येकाची भेंडाकडील कड काढून टाकावी. प्रत्येक भागातून सुमारे चार इंच व्यासाची एक वाटी निघेल. भावंडे चार आणि वाट्याही चार!

करवत लावण्यापूर्वी खिळ्यांचा शोध घ्यावा. लोहचुंबक फिरवावे, जेथे लाकडावर काळा डाग दिसेल तेथे अधिक शंका घ्यावी. एक विसरलेला खिळा हत्यार मोडतो, क्वचित कारागिराला जखमीही करतो.

आता कातार्‍यास सांगावयाचे ते असे. पहिल्या खेपेस वाटी जाड, म्हणजे अर्ध्या इंचाच्या कडेची ठेवावी. जुने लाकूड सुकलेले असले, तरी पोखरल्यावर त्यातील ताण मोकळा होऊन ते थोडे वाकते. शिवाय खानदेशच्या कोरड्या हवेतील लाकूड कोलकात्याच्या दमट हवेत गेले की फुगतेच. यास्तव ओबडधोबड वाटी कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवावी आणि दर आठवड्यास तिचे वजन करावे. लागोपाठ तीन आठवडे वजन बदलले नाही, की ती पुन्हा लेथवर चढवावी.

बाहेरून कापताना हत्यार बुडाकडून काठाकडे न्यावे, आतून काठाकडून बुडाकडे. जोर करू नये. गोल पटाशी वरचेवर पाजवावी. बारीक का होईना, ढलपी निघत असेल तर धार ठीक आहे. नुसता भुस्सा उडू लागला की थांबावे. डोळ्यांस चष्मा व नाकास फडके हवेच. पॉलिश कागद हलक्या हाताने फिरवावा. घर्षणाने लाकूड तापले, तर गुळगुळीत पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात. शेवटी जवसाचे तेल पातळ पुसून पूर्ण वाळू द्यावे. मात्र रंगाच्या दुकानातील 'उकळलेले' जवस तेल खाण्याच्या भांड्यास वापरू नये, कारण त्यात इतर द्रव्ये मिसळलेली असतात. वाटी पाण्यात भिजत ठेवू नये.

षष्ट्यब्दीचा दिवस याआधी येणार असेल, तर घाई करू नका. त्या दिवशी थोरल्या बंधूंच्या हाती ओबडधोबड वाटीच द्यावी आणि मग ती पूर्ण करण्यासाठी परत मागून घ्यावी. ज्या खांबाने इतकी वर्षे घर पेलले, त्याच्यासाठी दोन महिने थांबणे जड नाही. पुढे कधी चौघे एकत्र जमलात, तर चारही वाट्या शेजारी ठेवून पाहा. एकीच्या रेषा दुसरीत पुढे गेलेल्या दिसतील.