शिबिरात काय शिकवणार, ते नंतर विचारा

मार्च संपत आला की पुण्यात सकाळच्या वर्तमानपत्रातून रंगीत पत्रकं खाली पडू लागतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज दोन-तीन जाहिराती येतात. रोबोटिक्स, कोडिंग, अबॅकस, वैदिक गणित, बुद्धिबळ, नाट्यशिबिर, स्केटिंग, फुटबॉल, किल्ल्याच्या पायथ्याशी निवासी साहस शिबिर. त्याच सुमारास पालक दवाखान्यात फॉर्म घेऊन येतात. "डॉक्टर, फिटनेस सर्टिफिकेटवर एक सही हवी होती, परवा निघायचंय." त्या दोन मिनिटांत जे बोलता येत नाही, ते इथे लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगतो. आपण शिबिर शाळेसारखं निवडतो: काय शिकवणार, कोण शिकवणार, शेवटी प्रमाणपत्र देणार का? पण शिबिर म्हणजे मुळात आपलं मूल काही तास किंवा काही दिवस परक्या माणसांच्या हवाली करणं. त्यामुळे पहिला प्रश्न असायला हवा की सांभाळणार कोण, आणि काही झालं तर ते काय करणार? याचं उत्तर नीट मिळालं तरच पुढचं विचारा.

विद्येच्या माहेरघरातली सुट्टी

१८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज आणि १९४९ मध्ये विद्यापीठ मिळालेलं हे शहर. इथे शिकणं हीच प्रतिष्ठा. त्याचा मोठा फायदा आपल्या मुलांना मिळतो. आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था शाळकरी मुलांसाठी दारं उघडते, हे किती गावांच्या नशिबी असतं? पण त्याच हवेचा दुसरा परिणाम असा की सुट्टी म्हणजे शाळेचं तिसरं सत्र होऊन बसलं आहे. "रिकामा बसून काय करणार?" हा प्रश्न इथे सात वर्षांच्या मुलाबद्दलही विचारला जातो.

दुसरी बाजूही मान्य करायला हवी. इथल्या अनेक घरांत आई-वडील दोघंही नोकरीला जातात, आजी-आजोबा नागपूरला, लातूरला किंवा त्याहूनही लांब असतात. मामाच्या गावी महिनाभर राहणं आता जमत नाही. अशा घरांसाठी शिबिर ही चैन नाही, मुलाला दिवसभर कुठे ठेवायचं याची ती सोय आहे. त्यात अपराधी वाटण्यासारखं काहीच नाही. उलट हे स्वतःशी स्पष्ट कबूल केलं की निवड सोपी होते. सोय सांभाळण्याची हवी असेल, तर सांभाळणं कसं आहे तेच पाहायचं.

वेळापत्रकातलं ऊन

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीच्या आसपास जातो. मुलाचं वजन कमी, पण त्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त. त्यामुळे हवा अंगापेक्षा गरम झाली की मूल मोठ्या माणसाहून लवकर तापतं. त्यात खेळाच्या नादात तहान लागलेली कळत नाही. इथली हवा कोरडी असल्याने घाम लगेच उडून जातो आणि "घाम कुठे आला?" असं वाटत राहतं.

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. परीक्षेसाठी महिनाभर घरात बसलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी तीन तास फुटबॉल खेळवणं म्हणूनच चूक आहे. पहिला आठवडा हलका हवा.

पारा किती आहे एवढ्यावरही विसंबू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. हवेतला दमटपणा, डोक्यावरचं ऊन आणि सावलीचा अभाव हे सगळं मिळून घात करतं.

म्हणून वेळापत्रक मागून घ्या. मैदानावरचे खेळ सकाळी साडेदहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर असावेत. कृत्रिम गवताचं टर्फ खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, हे लक्षात ठेवा. "आमचं सगळं इनडोअर आहे" असं सांगितलं, तर छत पत्र्याचं आहे का ते जाऊन बघा. दुपारी दोन वाजता पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः दहा मिनिटं बसा, मग फी भरा.

आयोजकांना एक प्रश्न जरूर विचारा. मूल उन्हात चक्कर येऊन पडलं तर काय कराल? "क्रोसिन देऊ" असं उत्तर आलं तर तिथून उठा. उष्माघाताचा ताप पॅरासिटामॉलने उतरत नाही. मूल असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं किंवा बेशुद्ध झालं, तर ताबडतोब सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत अंग थंड करणं थांबवायचं नाही. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

पिण्याचं पाणी आणि पोहण्याचं पाणी

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडले. काही रुग्णांच्या तपासणीत दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला. शहरातल्या पाण्याची ही गत, तर टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या शिबिराची चौकशी करायलाच हवी. पाणी कुठून येतं, उकळतात की फिल्टर करतात, बर्फ कुठला वापरतात? स्वच्छतागृहात साबण आहे का? मुलींसाठी वेगळी सोय आहे का? स्वच्छतागृह घाणेरडं असलं की मुलं, विशेषतः मुली, तिथे जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. मग भर उन्हाळ्यात लघवीला जळजळ होते आणि आमच्याकडे यावं लागतं. टायफॉइडची लस झाली आहे का आणि धनुर्वाताची लस वयानुसार पूर्ण आहे का, तेही याच वेळी पाहून घ्या.

आता पोहण्याच्या पाण्याविषयी. पुण्याच्या अवतीभवती खडकवासला, पानशेत, वरसगाव, मुळशी, पवना अशी धरणं आहेत आणि निवासी शिबिरं बहुधा त्यांच्याच काठाने भरतात. धरणाच्या काठचं पाणी शांत दिसतं, पण खाली गाळ असतो आणि दोन पावलांत एकदम खोली लागते. एप्रिल २०१८ मध्ये मुळशी तालुक्यातल्या कातरखडकला चेन्नईहून उन्हाळी शिबिरासाठी आलेली तीन मुलं अशीच बुडाली. कोवळी शाळकरी मुलं होती ती.

बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही. ते गुपचूप खाली जातं. म्हणून पाण्याजवळ एक माणूस असा हवा, ज्याला मुलांवर नजर ठेवण्याखेरीज दुसरं काम नाही. फोटो काढण्याचंही नाही. धरणात किंवा नदीत लाइफ जॅकेटशिवाय उतरू देणार असतील, तर कितीही नावाजलेलं शिबिर असो, माझं उत्तर नाही. शहरातल्या तलावावर पोहायला शिकवत असतील, तर एका बॅचमध्ये किती मुलं आणि किती प्रशिक्षक, ते विचारा. बुडालेल्या मुलाला उलटं धरून, पोट दाबून पाणी काढत बसायचं नसतं. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करायचं असतं. हे प्रत्यक्ष शिकलेला माणूस तिथे हजर असतो का?

गिर्यारोहण, रॅपलिंग, झिपलाइन असं काही असेल, तर आणखी एक कागद मागा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार अशा उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी दाखवा म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे मूल पाठवू नका.

हे ताई-दादा कोण?

विद्यापीठाच्या गावात शिबिरं बऱ्याच अंशी कॉलेजच्या मुलामुलींच्या जिवावर चालतात. एकोणीस-वीस वर्षांचे हे ताई-दादा उत्साही असतात, मुलांना त्यांचा लळा लागतो, आणि सुट्टीत त्यांचेही चार पैसे होतात. मला हे आवडतं. पण त्यांच्या डोक्यावर जबाबदार मोठं माणूस कोण, ते पूर्ण वेळ तिथे असतं का, हे विचारायलाच हवं. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी आठ ते दहा मुलांमागे एक मोठं माणूस, ही माझी मोजपट्टी. पाण्यात आणि डोंगरावर त्याहून कमी मुलं.

अवघड वाटला तरी हा विषय टाळू नका. मुलांवर लैंगिक अत्याचार करणारी माणसं बहुतेक वेळा त्यांच्या ओळखीची, विश्वासातली असतात. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, पण कायदा नंतर धावून येतो. आधीची खबरदारी आपली. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? बंद खोलीत एक मूल आणि एक मोठं माणूस असं राहू नये, असा नियम आहे का? पालक न कळवता भेटायला आले तर चालतं का? आणि मुलाला, मुलगा असो वा मुलगी, एवढं शिकवून पाठवा: "घरी सांगू नकोस असं कुणी म्हणालं, तर तीच गोष्ट आम्हाला सगळ्यांत आधी सांगायची. आम्ही रागावणार नाही." १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही पाठ करून घ्या.

आठ वर्षांखालच्या मुलाला मुक्कामी शिबिराला पाठवू नये असं माझं मत आहे. पुढेही मूल तयार असेल तरच पाठवा. "धीट होईल" म्हणून रडत्या मुलाला गाडीत बसवू नका.

फॉर्मवर खरं लिहा

आता पालकांना दोन शब्द. दमा, फिट्स, टाइप-१ मधुमेह किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी फॉर्मवर लपवली जाते, कारण प्रवेश नाकारतील अशी भीती असते. मग डोंगरावर मुलाला धाप लागते आणि इन्हेलर घरी राहिलेला असतो. अशी बहुतेक मुलं शिबिराला आनंदाने जाऊ शकतात. अट एकच, सांभाळणाऱ्याला माहिती हवी. औषधाचं नाव, मात्रा, कधी द्यायचं आणि कोणाला फोन करायचा, हे मराठीत एका कागदावर लिहून द्या आणि समोर बसून समजावून सांगा. सर्टिफिकेटसाठी आदल्या दिवशी न येता आठवडाभर आधी या, म्हणजे तपासून, बोलून सही करता येते.

मग मुलं घरीच ठेवायची का?

"एवढं बघत बसलो तर एकही शिबिर सापडायचं नाही," असं तुम्ही म्हणाल. सापडतं. फोनवरच्या दहा मिनिटांच्या बोलण्यात कळतं. चांगले आयोजक या प्रश्नांनी दुखावत नाहीत. त्यांनी ही उत्तरं आधीच तयार ठेवलेली असतात.

आणि घरी मोबाइल घेऊन सोफ्यावर घालवलेला मे महिना ही काही सुरक्षित निवड नव्हे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसाच्या उजेडात बाहेर घालवलेला वेळ चष्मा लागण्याचा धोका कमी करतो. नव्या मुलांशी भांडण आणि दोस्ती दोन्ही करता येणं, हेही आरोग्यच आहे.

म्हणून माझा सल्ला असा. सुट्टीत एक, फार तर दोन शिबिरं. घराजवळचं, अर्ध्या दिवसाचं असेल तर उत्तम, आणि त्यात बसून शिकण्यापेक्षा हातापायांचं काम जास्त असावं. दोघंही नोकरीला असाल आणि दिवसभराचं लागणार असेल, तर दुपारी जेवून आडवं होण्याची वेळ असलेलं निवडा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, ती सुट्टीतही कमी करू नका. उरलेले दिवस मोकळे सोडा. सकाळी टेकडी, दुपारी गोष्टींची पुस्तकं, संध्याकाळी सोसायटीच्या आवारात लपाछपी. मूल अधूनमधून "कंटाळा आला" म्हणेल. म्हणू द्या. त्या कंटाळ्यावरचा उपाय ते स्वतः शोधतं, तेव्हा जे शिकतं ते कुठल्याही पत्रकात छापलेलं नसतं.

शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी "आज काय शिकलास?" असं विचारू नका. पाणी किती वेळा प्यायलास, लघवीला कधी गेलास, जेवायला शेजारी कोण होतं, आणि आज कोणाची भीती वाटली का, हे विचारा. उत्तरं ऐकून मन खात नसेल, तर शिबिर चांगलं निवडलंत. खात असेल, तर फी गेली तरी चालेल, दुसऱ्या दिवशी पाठवू नका.