गर्भातील अष्टावक्र

मातेच्या उदरातील बालकाचे व्यंग जन्मापूर्वीच जाणण्याचे सामर्थ्य विज्ञानाने मानवास दिले आहे. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असल्याने डाऊन सिंड्रोम होतो, हे जेरोम लेजून व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी १९५९ साली दाखवून दिले. उपचाराच्या आशेने केलेल्या या शोधाचा वापर गर्भ नाकारण्यासाठी व्हावा, यास लेजून यांनी आजन्म विरोध केला. डेन्मार्कने २००४ पासून सर्व गर्भवतींना ही तपासणी देऊ केली. निदान झालेल्या बहुतेक दांपत्यांनी तेथे गर्भपाताचा मार्ग पत्करला.

आपल्याकडे गर्भलिंगचिकित्सेचा दुरुपयोग रोखणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानेही लिंग सांगण्यास बंदी घातली, मात्र गुणसूत्रदोषाच्या निदानास मुभा ठेवली. २०१७ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेला २६ आठवड्यांचा गर्भ पाडण्यास सर्वोच्च न्यायालयाने अनुमती नाकारली होती. २०२१ च्या दुरुस्तीने मात्र गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपाताची वाट मोकळी केली.

कायद्याने दार उघडले. आत पाऊल टाकायचे की नाही, हे कायदा सांगत नाही. रक्ताच्या प्राथमिक चाचणीतून केवळ शक्यता कळते. खात्रीसाठी गर्भजल तपासावे लागते. त्यातूनही गुणसूत्रे कळतात. मूल किती शिकेल, किती हसेल, हे कळत नाही. काही गुणसूत्रदोषांत बालक फार काळ जगतच नाही, हेही सत्य आहे. अशा कसोटीच्या क्षणी निर्णय घेणाऱ्या मातेस अपराधी ठरविण्याचा अधिकार कोणासही नाही.

परंतु अनेकदा निर्णय घेते ती भीती. ‘आमच्या पश्चात या लेकराचे कोण?’ या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांपाशी नसते. ते समाजाने द्यायचे असते. ज्याच्या आठ अंगांच्या वक्रतेला हसणाऱ्या जनकाच्या सभेला ज्याच्यापुढे नमावे लागले, त्या अष्टावक्राची कथा आपण मुलांना सांगतो. पण प्रत्येक मूल विद्वान ठरेलच असे नाही, आणि ठरावे हा आग्रहही नसावा. सन्मानाने जगण्यास विद्वत्तेची अट कशाला?

आपल्या वस्तीत असे एखादे घर असेलच. त्या मातेस चार तासांची उसंत, त्या लेकरास खेळात जागा आणि सणाला आवर्जून निमंत्रण, एवढे तरी आपण देतो काय? कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी प्रथम याचे उत्तर द्यावे.