घरच्या घरी : सासऱ्यांची टेप आणि इथली काळी वायर

एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : गणपतीचं मखर करताना सासऱ्यांच्या हातची विजेची करवत स्वतःच्याच वायरला लागली. त्यांनी लगेच काळी टेप गुंडाळली आणि काम पुढे सुरू! तिकडे जन्मभर घरची दुरुस्ती त्यांनीच केली, त्यांना नको कसं म्हणायचं? शिवाय 'ह्यां'चं म्हणणं, अमेरिकेत एकशेदहाच तर आहे, काय होतंय?

प्रश्न नाजूक आहे, उत्तर मात्र सरळ आहे. वायर नीट होईपर्यंत ती करवत लावायची नाही.

आधी त्या 'एकशेदहा'चं बघू. इथं घरात १२० व्होल्ट असतात, भारतात २३०. दाब निम्मा, हे खरं. पण माणूस दगावायला एका ॲम्पिअरचा दहावा हिस्साही पुरतो. हात घामेजलेला आणि पाय ओल्या फरशीवर असला, तर १२० व्होल्टला तेवढं जमतं. ब्रेकर असतो १५ किंवा २० ॲम्पिअरचा. तो भिंतीतली वायर तापू नये म्हणून बसवलेला आहे, एवढ्याशा प्रवाहाची त्याला खबरही लागत नाही.

आता टेप. आत किती तारा तुटल्या ते टेपखाली दिसत नाही. उरलेल्या तारांवर सगळा भार येतो आणि ती जागा तापते. करवतीची वायर सारखी ओढली जाते, वाकते. उन्हाळ्यात गराजमध्ये टेपचा चीक सुटला की उघडी तार हाताशी येते.

दुरुस्ती अर्ध्या-पाऊण तासाची आहे. प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवा. काप प्लगजवळ असेल, तर तेवढा तुकडा कापून टाका आणि हार्डवेअरच्या दुकानातून नवा प्लग आणून बसवा. काप मध्येच असेल तर अख्खी वायर बदला. जुन्या वायरवर १८, १६, १४ असा गेज छापलेला असतो. आकडा लहान तितकी तार जाड. नवी वायर तेवढीच किंवा थोडी जाड घ्या. जुनीत तीन तारा असतील तर नवीतही तीनच हव्यात, आणि प्लगची तिसरी गोल पिन कापायची नाही म्हणजे नाही. करवतीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर तिला दुहेरी इन्सुलेशन आहे. तिला दोनच तारा असतात.

मूठ उघडल्यावर काही सोडण्याआधी एक फोटो काढून ठेवा. आत वायर आवळून धरणारी पट्टी असते, ती बाहेरच्या जाड आवरणावरच बसली पाहिजे, म्हणजे ओढ स्क्रूंवर येत नाही. तारांची टोकं पिळून घ्या, स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेनं गुंडाळा. एकही केसासारखी तार बाहेर राहू देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचं, रंग. आपल्याकडे घरच्या वायरिंगमध्ये लाल जिवंत, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. इथं काळी जिवंत! एम.एस.ला आलो तेव्हा प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. नव्या प्लगमध्ये काळी पितळी स्क्रूला, पांढरी रुपेरी स्क्रूला, हिरवी हिरव्या स्क्रूला. वायर तपकिरी-निळी निघाली तर तपकिरी जिवंत. काळी-पांढरी उलटी जोडली तरी करवत चालते, म्हणून चूक कळत नाही. पण मग स्विच बंद केला तरी आतले भाग जिवंत राहतात.

प्लग लावण्याआधी मीटरनं तपासा. तीन पिनांची करवत असेल, तर गोल पिन आणि धातूचा भाग यांत जोड दिसायला हवा. चपट्या पिना आणि धातू यांत तो अजिबात दिसता कामा नये. मग 'टेस्ट-रीसेट' बटणांच्या आउटलेटवर चालवून बघा. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी १९६१ मध्ये शोधलेली ही युक्ती सुमारे ५ मिलिॲम्पिअर गळतीला वीज तोडते. मात्र दोन्ही चपट्या पिनांच्या तारा एकदम हातात आल्या, तर तिला गळती दिसत नाही. मोटारीला जळका वास येत असेल, तर घरी खटपट नको, सर्व्हिस सेंटरला द्या.

आणि सासऱ्यांना काय म्हणायचं? 'नको' म्हणूच नका. नवी वायर आणून त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "बाबा, एवढी बदलून द्याल का? इथले रंग वेगळे आहेत, मी वाचून सांगते." ज्यांनी जन्मभर फ्यूज बांधले, त्यांचे हात हे काम आपल्यापेक्षा सफाईनं करतील. जवळ नातवंडालाही बसवा. काळी कुठे, पांढरी कुठे, हे त्यालाही कळू दे.

पुढच्या अंकात : एक्स्टेन्शन कॉर्ड किती लांब, किती जाड?