सिस्टर, तुमचं मत काय?

ऑपरेशन झालं की आपण सर्जनचं नाव कौतुकानं सांगतो. 'अमक्या डॉक्टरांनी केलं, हाताला यश आहे हो त्यांच्या!' पण भूल कोणी दिली, असं विचारलं तर बहुतेकींना नाव आठवत नाही. खरं तर ऑपरेशन चालू असताना आपला श्वास, रक्तदाब, हृदयाचे ठोके हे सगळं उशाशी बसलेल्या त्या माणसाच्या हाती असतं. आपल्याकडे हे काम भूलशास्त्र शिकलेल्या डॉक्टरांचं, सिस्टर मदतीला असते. अमेरिकेत मात्र त्या जागी अनेकदा एक नर्स असते, असं सांगितलं की आमच्या भिशीतल्या मैत्रिणी 'काय सांगतेस!' म्हणून डोळे मोठे करतात.

ही तिथली नवी टूम नाही बरं का. मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी अ‍ॅलिस मगॉ नावाची नर्स मेयो बंधूंच्या ऑपरेशनांना भूल देत असे. १९०६ साली तिनं आपल्या १४ हजारांहून अधिक भुलींचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. भूल देताना पेशंटशी बोलत राहायचं, त्याला धीर द्यायचा, ही तिची खासियत. पुढे डॅगमार नेल्सन या नर्सवर काही डॉक्टरांनी कोर्टात दावा लावला, की ही परवान्याशिवाय डॉक्टरकी करते. १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल नेल्सनच्या बाजूनं दिला. म्हणजे ही जागा तिथल्या बायकांना आयती मिळाली नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे माझ्या ताईची मुलगी. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंग करून, तिथली परीक्षा देऊन ती अमेरिकेत गेली. गेली सहा वर्षं आयसीयूत ड्युटी करते. आता तिला भूल देणारी नर्स व्हायचंय. त्यासाठी नर्सिंगची पदवी, तिथलं लायसन्स आणि आयसीयूचा निदान एक वर्षाचा अनुभव लागतो. २०२२पासून या अभ्यासक्रमाला नव्यानं प्रवेश घेणाऱ्या सगळ्यांना डॉक्टरेटच करावी लागते. तीन वर्षं पूर्ण वेळ अभ्यास, नोकरी जवळजवळ अशक्य, आणि फी डोळे पांढरे करणारी. ताई म्हणाली, "चौतिशी आली, पोर शाळेत जायला लागली, चांगला पगार आहे. आता कशाला हा खटाटोप?" भाचीनं मात्र अर्ज केला आणि इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. मी आयुष्यभर नर्सिंग शिकवलेलं, म्हणून तिनं मला पकडलं. "मावशी, रोज अर्धा तास फोनवर माझा इंटरव्ह्यू घे."

अभ्यासाचे प्रश्न तिला सहज आले. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा ऑक्सिजन एकदम खाली आला, काय करशील? आधी मशीनकडे नाही, पेशंटकडे बघेन. ऑक्सिजन पूर्ण वाढवेन, गरज पडली तर मशीन काढून हातानं बॅग दाबेन, छातीच्या दोन्ही बाजू ऐकेन, नळी सरकली का, तुंबली का ते बघेन. रक्तदाब पडला तर कुठलं औषध, ते नेमकं काय करतं, तेच का, दुसरं का नाही, हेही तिनं धडाधड सांगितलं.

गाडी अडली ती पुढे. "सिनिअरशी मतभेद झाला असा एखादा प्रसंग सांग." ती म्हणाली, "आम्ही सगळे मिळून काम करतो, मतभेद होत नाहीत." "अवघड पेशंट सांभाळलेला सांग." "आम्ही त्याला स्टेबल केलं." मी विचारलं, "अगं, आम्ही म्हणजे कोण? तू काय केलंस?" फोनवर शांतता.

तिसऱ्या दिवशी कुठे तोंड उघडलं. एकदा रात्री पेशंटला शिरेतून पोटॅशियम द्यायची ऑर्डर होती. ती सकाळच्या रिपोर्टवरून दिलेली. मधल्या वेळात लघवी कमी झाली होती आणि नव्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेलं होतं. हिनं सलाईन लावलं नाही, डॉक्टरांना फोन केला. ते वैतागले. हिनं आवाज न चढवता दोन्ही आकडे पुन्हा वाचून दाखवले. डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला आणि ऑर्डर रद्द केली. वाढलेल्या पोटॅशियमवर आणखी पोटॅशियम गेलं तर हृदय बंद पडू शकतं, हे सांगायला नकोच.

"मग हे का नाही सांगितलंस?" तर म्हणते कशी, "मावशी, स्वतःची टिमकी कशी वाजवायची?"

मैत्रिणींनो, मला राग आला तो तिचा नाही. मुलगी मोठी होताना आपण तिला हेच शिकवतो. चारचौघांत पुढे पुढे करू नये, मोठ्यांना उलटून बोलू नये, केलेलं बोलून दाखवू नये. नर्सिंगच्या वर्गातही फार वेगळं नसतं. 'यस सर, यस मॅडम' म्हणणारी मुलगी गुणी ठरते, 'का?' विचारणारी आगाऊ. मग हीच मुलगी परीक्षकांसमोर बसते, तेव्हा तिच्या तोंडून 'मी' निघत नाही. वाक्याचा कर्ता 'आम्ही' नाहीतर 'सर'.

कोणी म्हणेल, इंटरव्ह्यू म्हणजे बोलघेवड्यांचा खेळ, मुकाट्यानं राबणाऱ्या मागे पडतात. यात थोडं तथ्य आहे. पण या कामापुरता मला तो युक्तिवाद पटत नाही. भूल दिलेल्या पेशंटला बोलता येत नाही. दुखतंय, गुदमरतंय, थांबा, यातलं काहीच तो सांगू शकत नाही. त्याच्या वतीनं बोलणारी एकच व्यक्ती उशाशी असते. सर्जन कितीही मोठा असो, 'डॉक्टर, रक्तदाब पडतोय, जरा थांबा,' हे तिला त्याच क्षणी म्हणता आलं पाहिजे. तिथल्या कितीतरी खेडेगावांतल्या हॉस्पिटलांत तर भूल देणारी ती एकटीच असते. मग प्रवेशाआधीच परीक्षकांनी 'ही बोलेल का?' हे तपासलं, तर त्यात गैर काय?

म्हणून आम्ही पाठांतर बंद केलं. तिला एक वही घालायला सांगितली. पाच पेशंट आठवायचे. नाव-गाव लिहायचं नाही, ती त्यांची खासगी गोष्ट. मी काय पाहिलं, मला काय वाटलं, मी काय केलं, पुढे काय झालं, एवढंच लिहायचं. टीमचं श्रेय टीमला द्यायचं, पण आपला वाटा गिळायचा नाही. आणि उत्तर येत नसेल तर थापा मारायच्या नाहीत. 'मला हे माहीत नाही, अशा वेळी मी अमक्याला विचारीन,' असं सरळ सांगायचं. हातात औषधं असलेल्या माणसाची खोटी हुशारी फार महाग पडते. तीन वर्षं पगार नसताना घर कसं चालणार, ताण आला की पाठीशी कोण, याचाही विचार तिनं नवऱ्याबरोबर कागद-पेन घेऊन बसून केला. इंटरव्ह्यू झालाय, निकाल यायचाय.

निकाल काहीही लागो. आपल्या गावांतून शेकडो मुली नर्सिंगला जातात. सगळ्या काही अमेरिकेला जाणार नाहीत. कोणी जिल्हा रुग्णालयात, कोणी तालुक्याच्या खासगी दवाखान्यात, कोणी आरोग्य केंद्रात लागेल. पण चुकीची ऑर्डर रात्री अडीच वाजता समोर आली तर 'डॉक्टर, एकदा रिपोर्ट बघता का?' हे प्रत्येकीला म्हणावं लागणार आहे. ते धाडस नोकरी लागल्यावर एकाएकी अंगात येत नाही.

तेव्हा होस्टेलवरची लेक सुट्टीला आली, की जेवलीस का, बारीक झालीस, हे झाल्यावर एक विचारा. 'आज वॉर्डात तू स्वतः काय केलंस गं?' ती 'काही नाही, नेहमीचंच' म्हणेल. तेवढ्यावर सोडू नका. भाजी निवडता निवडता पुन्हा विचारा. आणि ती सांगायला लागली, की 'बास, फार शहाणी झालीस' असं चुकूनही म्हणू नका.