कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं

मंडळी, "नाचता येईना अंगण वाकडं" ही म्हण मी चौतीस वर्षं वर्गात वापरली. वहीत खाडाखोड करणाऱ्याने पेनाचं कारण सांगितलं, की म्हण. कवायतीत पाय चुकलेल्या कॅडेटने बुटाचं कारण सांगितलं, की म्हण. आज त्या म्हणीविरुद्धच लिहायला बसलो आहे, आणि निमित्त आहे रायफलीचा पट्टा अडकवायच्या एका लोखंडी बटणाचं.

हसू नका. (आमच्या सौ. हसून मोकळ्या झाल्या आहेत.)

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता मुलाकडे पेनसिल्व्हेनियात होतो. तिकडे नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंग झालं की रायफलने हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू होतो. त्याआधी लोक रेंजवर जाऊन, टेबलावर वाळूच्या पिशव्या मांडून, त्यावर रायफल टेकवून नेम तपासून घेतात. आमच्या पंधरा वर्षांच्या नातीला शेजाऱ्यांमुळे याची गोडी लागलेली. शिकार नाही करायची तिला, फक्त कागदावर नेम धरायचा. मी बघ्या म्हणून गेलो. पाहुणा म्हणून व्हिसावर गेलेल्या माणसाने तिथे बंदूक हाताळण्यावर कायद्याची बंधनं आहेत, तेव्हा हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. शाळेत एनसीसीचा अधिकारी म्हणून पोरांकडून पॉइंट टू-टू चालवून घेतलेल्या माणसाला ते किती अवघड!

शेजाऱ्यांची .३०८ ची रायफल, लाकडी दस्त्याची. शंभर यार्डांवर नातीच्या गोळ्या उभ्या रेषेत वीतभर पसरत होत्या. एक वर, एक खाली, पुन्हा वर. क्लबातले एक ज्येष्ठ गृहस्थ शिकवायला होते. त्यांचं एकच पालुपद, "तू दचकतेस." पोर पुन्हा श्वास धरायची, पुन्हा ट्रिगर दाबायची, पुन्हा तेच. शेवटी डोळे भरून आले. "आजोबा, मला नाही जमत हे. घरी जाऊ या."

आणि मी? मी मनातल्या मनात तीच म्हण म्हणत होतो.

मग सहज लक्ष रायफलीखाली गेलं. दस्त्याच्या पुढच्या टोकाला, खालच्या बाजूला, पट्ट्याची कडी अडकवायला एक भोकाचं बटण असतं. त्याला स्टड म्हणतात. एक पुढे, एक मागे बटाखाली. त्या गृहस्थांनीच सांगितलं होतं, "पुढचा स्टड पिशवीला टेकेपर्यंत रायफल मागे ओढ, म्हणजे दर वेळी जागा तीच राहील." वरवर शहाणपणाचं वाटतं. पण बार उडाला की रायफल मागे येते, आणि तो स्टड पिशवीत घुसतो. पुढचं टोक त्यावर चढतं, उसळतं. पिशवी कधी घट्ट, कधी सैल. उसळी कधी जास्त, कधी कमी. मागचा स्टड मागच्या पिशवीत रुततो तो वेगळाच.

कुणी म्हणेल, तोवर गोळी गेलेली असते. नाही हो. गोळी नळीत पुढे जात असतानाच रायफल मागे सरकू लागते. एवढ्या वजनाची रायफल गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत साधारण दीड-दोन मिलिमीटर मागे आलेली असते. मी मराठी-इतिहासाचा मास्तर, पण हे गणित शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचं नाही. दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण स्टड आधीच पिशवीला भिडलेला असेल तर तेवढं पुरतं. आणि स्टड दोन बोटं लांब असेल, तर तो आपटेपर्यंत गोळी निघून गेलेली असते.

म्हणून शेजाऱ्यांना म्हटलं, रायफल दोन इंच पुढे सरकवून बघा. सरकवली. पुढच्या पाच गोळ्या चहाच्या कपाच्या तोंडात मावतील इतक्या जवळ. पोरगी तीच, डोळे तेच, श्वास तोच.

घरी जाऊन शेजाऱ्यांनी तो स्टड काढूनच टाकला. त्यावरून वाद झाला! त्या गृहस्थांचं म्हणणं, चांगला नेमबाज स्टड सांभाळून रायफल ठेवतो, काढायची गरज काय. बरोबर आहे, ठेवतो. पण शिकणाऱ्या पोरीने श्वास सांभाळायचा, ट्रिगर सांभाळायचा, आणि दर बाराला सरकणारी पिशवीही सांभाळायची? जी अडचण एका खिळ्याने दूर होते, ती "शिस्त" म्हणून मुलाच्या गळ्यात का बांधायची?

इकडे आल्यावर आमच्या साडूंनी, निवृत्त सुभेदार आहेत, फोनवर झापलं. "गुरुजी, रायफलीला जे दिलंय ते कारणाने दिलंय. आम्ही नाही कधी कडी काढली." सुभेदारसाहेब, कारणानेच दिलंय. तुम्ही ती खांद्याला लावून डोंगर तुडवलेत. स्टड चालणाऱ्यासाठी आहे, टेबलाशी बसणाऱ्यासाठी नाही. टेबलावरून नेम धरण्याच्या ज्या खास स्पर्धा तिकडे होतात, त्यांतल्या रायफलींना स्टड नसतोच. खालची बाजू रुंद आणि सपाट असते, पिशवीवरून आगगाडीसारखी सरकायला. उलट आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं, त्या प्रकारात झोपून आणि गुडघ्यावर बसून नेम धरताना पट्टा हाच आधार, आणि वाळूची पिशवी चालत नाही. म्हणजे पट्टा वाईट नाही, स्टडही वाईट नाही. ज्याची त्याची जागा असते, एवढंच.

आता कुणी लगेच करवत घेऊन धावू नका. स्टड कापायचा नाही, स्क्रूसारखा उलटा फिरवून काढायचा. आधी रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, चेंबर डोळ्याने तपासलेला. मग स्टडच्या भोकात खिळा घालून फिरवायचा. पुढच्या स्टडला पुष्कळदा आत नट असतो. तोच फिरू लागला तर नळी दस्त्यातून उतरवावी लागते, आणि ते जाणकाराचं काम. भोक बुजवायला आखूड स्क्रू घालावा; लांब घातला तर आत नळीला टेकतो आणि नवीच पीडा. नंतर नेम पुन्हा तपासायचा. काढलेला स्टड डबीत जपून ठेवायचा, कारण जंगलात चालायचं तर पट्टा हवाच. दोन्ही हातांनी रायफल सांभाळत ओढा ओलांडणं यात शौर्य नाही, धोका आहे. पुढच्या स्टडलाच दोन पायांचं स्टँड लावणाऱ्यांनी तो काढून चालणार नाही. ज्यांना बसून आणि चालून दोन्ही करायचं, त्यांच्यासाठी लाकडात सपाट बसणारी वाटी मिळते; बटण दाबून कडी बसते, निघते. पण त्यासाठी दस्त्याला भोक पाडावं लागतं, तेव्हा वडिलोपार्जित रायफलीला ते करण्याआधी दहादा विचार करावा.

असो. खरी गोष्ट अजून सांगायची आहे.

१९८० च्या सुमारास माझ्या ट्रूपमध्ये एक अबोल मुलगा होता. बाकीच्यांची ग्रुपिंग ठीक, याच्या गोळ्या कुठेही. मी सगळ्यांसमोर म्हण म्हटली, पोरं हसली, आणि त्याला शाळेच्या संघातून काढलं. पुन्हा तो रेंजवर आला नाही. त्या जुन्या रायफलींना पट्ट्याची लोंबती कडी होती. त्याची रायफल वाळूच्या पिशवीवर नीट टेकली होती, की त्या कडीवर डगमगत होती? मला सांगता येत नाही. कारण मी वाकून पाहिलंच नव्हतं.

दोष त्याचाही असेल. पण गुरुजी म्हणून आधी वाकायचं काम माझं होतं. रायफल असो, चष्मा असो, डगमगणारा बाक असो; पोराला "तुला जमत नाही" म्हणायच्या आधी अंगण तपासा. त्याला दोन मिनिटं लागतात. मला पंचेचाळीस वर्षं लागली.

तो मुलगा आता साठीला आला असेल. हे वाचत असशील तर, बाळा, चूक माझी होती.